न मेलेल्या शेळीचे पैसे

मागच्या आठवड्यात रेणापूर तालुक्यातल्या एका गावात पशुसखींच्या, म्हणजे गावातल्याच जनावरांची प्राथमिक काळजी घेणाऱ्या बायकांच्या, ट्रेनिंगचा पाचवा दिवस होता. समाजमंदिरात सतरा बायका, वर एक पंखा, तोही लाईट असली तर. सकाळपासून सगळं मस्त चाललेलं, शेळीचं टेम्परेचर किती असतं विचारलं की तिघी-चौघी एकदम सांगायच्या 102 ते 103.5, जंताचं औषध अंदाजानं नाही वजनावर द्यायचं हे पाठ, गाभण काळ पाच महिने म्हणजे 150 दिवस हे तर त्यांना माझ्याही आधीपासून माहीत. चहा झाला आणि मी म्हणलं आता एक छोटं नाटक करायचं. एकीनं पशुसखी व्हायचं, एकीनं घरमालकीण. चार शेळ्यांना औषध पाजून झालंय असं धरा, आता फक्त एवढंच म्हणायचं, "एका शेळीचे दहा, चार शेळ्यांचे चाळीस रुपये झाले."

कुणी उठेना.

शेवटी एक मावशी उठल्या. वर्गातल्या सगळ्यात हुशार त्या, हाताला इतकी सवय की ओरडणारं करडू त्यांच्या मांडीवर गप होतं. पदर खोचला, हातात सिरिंज धरल्यासारखं केलं, औषध पाजलं, आठ दिवसांनी येऊन लेंड्या बघते म्हणाल्या, बाहेरून नवी आणलेली शेळी तीन आठवडे कळपात सोडू नको म्हणून दटावलं सुद्धा, आणि मग, "बरं, येते मी." आणि खाली बसल्या. सगळ्या हसल्या. मी म्हणलं मावशी पैसे? तर म्हणाल्या, "ताई, शेळीच्या तोंडात औषध घालता येतंय, पण माझ्या तोंडातून पैशाचा शब्द निघंना. समोरची माझी जाऊच हाय की वो."

मी अकरा वर्षं हे काम करते. लातूर, धाराशिव, बीड, थोडंफार नांदेडकडं. आणि दरवेळी गाडी इथंच येऊन अडते. औषध शिकवता येतं, लस शिकवता येते, दहा रुपये मागायला शिकवणं सगळ्यात अवघड. कारण पशुसखीचं जे खरं काम आहे ते दिसतच नाही. शेळी आजारी पडली, मान टाकली, की माणूस रात्री मोटरसायकल काढून कुणालाही घेऊन येतो, त्यानं सुई टोचली की पाचशे रुपये निमूट देतो, शेळी मेली तरी देतो. पण जिला वेळेवर लस दिली, जंताचं औषध दिलं, आणि जी वर्षभर नुसती चरत राहिली, दोनदा व्याली, चार करडं दिली, तिच्यासाठी कुणाचे पैसे निघत नाहीत. शेळी मेली नाही याचे पैसे कोण देतं? मला विचाराल तर पशुसखीचं सगळं ट्रेनिंग या एका प्रश्नाभोवती बांधलं पाहिजे, आणि आम्ही मात्र पाच दिवस रोगांची नावं शिकवतो आणि पैशाचा विषय वर्गाच्या शेवटच्या दिवशी चहानंतर काढतो. यात माझीपण चूक आहे, मी पण इतकी वर्षं असंच केलंय.

मला या कामात कशानं ओढलं ते सांगते. आमचं गाव औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते, आदल्या रात्री लोक गणपती बुडवून झोपलेले. आमच्या घरातली माणसं वाचली, एक भिंत पडली ती गोठ्याच्या बाजूची. पुढं कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो, माणसं आणि शेळ्या एकाच शेडमध्ये, मध्ये फक्त एक गोणपाटाचा पडदा. मदत म्हणून एवढं अन्न यायचं की भात-पोळ्यांचे ढीग पडायचे, आणि आजीच्या एका शेळीनं, चांदी नाव होतं तिचं, काळीभोर पण कानावर पांढरे ठिपके म्हणून चांदी, त्या ढिगात तोंड घातलं. संध्याकाळी पोट ढोलासारखं टम्म. आजोबांनी गोडंतेल आणलं, बाटलीत भरलं, शेळीचं तोंड वर आभाळाकडं केलं आणि ओतलं. ती ठसकली. खूप ठसकली. मग नाकातून तेल आलं. तिसऱ्या दिवशी चांदी मेली, आणि सगळे म्हणाले शिळं अन्न बाधलं. डिप्लोमा करताना सर जेव्हा शिकवायला लागले की औषध पाजताना तोंड वर केलं तर ते फुफ्फुसात जातं, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आजोबांचा तो हात आला. पोट फुगल्यावर तेल पाजणं काही चुकीचं नव्हतं. हात चुकला होता. चार बोटं खाली पाहिजे होता.

म्हणून माझ्या ट्रेनिंगमध्ये पहिले दोन तास फक्त हे असतं. शेळीला दोन पायात धरायचं, भिंतीला पाठ लावून, डाव्या हातानं जबडा खालून धरायचा, तोंड तिच्या पाठीच्या रेषेत, फार तर थोडंसं वर, डोळ्यांच्या वर नाक जाऊ द्यायचं नाही. मग तोंडाच्या कडेनं, जिथं दात नसतात तिथं, सिरिंजचं टोक आत घालायचं आणि हळू, थोडं थोडं, तिला गिळू द्यायचं. गळ्यावर बोट ठेवलं की गिळलेलं कळतं. ठसका लागला की लगेच मान मोकळी सोडायची, खाली करू द्यायची. नुसत्या पाण्यानं प्रॅक्टिस घेते मी, प्रत्येकीनं पाच-पाच शेळ्या. पहिल्या वेळी शंभरातल्या नव्वद जणी तोंड वर करतातच, लहानपणापासून तेच बघितलंय ना. मी मागून जाऊन हात धरते आणि खाली आणते. एवढंच. पुस्तकात लिहून हे होत नाही, हात धरूनच होतं.

दुसरं असंच हाताचं आणि डोळ्याचं शिक्षण म्हणजे पापणी. शेळीची खालची पापणी अंगठ्यानं हळूच खाली ओढायची आणि आतला रंग बघायचा, लालसर गुलाबी असेल तर बरं, फिक्कट पांढरा असेल तर पोटात रक्त पिणारे जंत झालेत. त्यात जबड्याखाली पाण्याची सूज दिसली तर फारच वाढलंय. मग डावी कूस. तळहात दाबून ठेवायचा आणि दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, आतून पोट हाताला ढकलतं, दोन मिनिटात दोन-तीनदा. ढकलत नसेल तर पोट बंद पडलंय. या दोन मिनिटांचा बायकांना सुरुवातीला कंटाळा येतो आणि एकदा हाताला ते ढकलणं लागलं की चेहरा बदलतो त्यांचा, एक जण म्हणाली, "लेकरू पोटात फिरल्यावाणी लागायलंय की." हो, तसंच लागतं.

आता वजनाचं. आमच्याकडच्या उस्मानाबादी शेळीचं पूर्ण वाढीचं वजन तीसेक किलोच्या आसपास धरतात, पण घरची शेळी किती किलोची म्हणून विचारलं तर वीस पण म्हणतात आणि पन्नास पण म्हणतात. अंदाजानं कमी औषध दिलं की जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात आणि काही वर्षांत ते औषध त्या गावात लागूच पडत नाही. म्हणून लिंबाच्या फांदीला ताणकाटा टांगायचा, पोत्याची झोळी करायची आणि करडं उचलून तोलायची, मोठ्या शेळीला छातीभोवती टेप लावून काढायचं. ज्या दिवशी गावात काटा टांगला त्या दिवशी सगळी पोरं गोळा होतात, म्हातारी माणसं पण येऊन बसतात, आणि नंतर एक गोष्ट आपोआप होते, बोकड विकत घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला घरची बाई म्हणते, "थांबा, तोलून घेऊ." हे आम्ही शिकवलं नव्हतं, ते बायकांनी स्वतः काढलं.

उस्मानाबादी शेळी म्हणजे आमची शान. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये धाराशिव झालं पण शेळी उस्मानाबादीच राहिली, सगळ्या महाराष्ट्रात याच नावानं ओळखतात. काळी, काटक, उन्हाला न हारणारी, जुळी देणारी. 2019 च्या पशुगणनेत देशात 14 कोटी 88 लाखांच्या वर शेळ्या मोजल्या, त्यातल्या महाराष्ट्रात एक कोटीच्या वर. यातल्या बहुतेक शेळ्या दोन-चार-पाचच्या संख्येनं घरासमोर बांधलेल्या, ज्यांच्याकडं जमीन नाही किंवा असली तरी एकर-दीड एकर कोरडवाहू अशांकडं. देवणी आणि लाल कंधारीचं कौतुक होतं, व्हायलाच पाहिजे, माळेगावच्या यात्रेत ते बैल बघितले की मन भरतं. पण पोराची फी, दवाखाना, लाईट बिल हे शेळीवर निघतं. आणि बायका तिच्या मालक असतात, म्हणजे कागदावर नाही पण व्यवहारात. दुष्काळात, 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात, मोठी जनावरं छावणीत गेली, हाळी हंडरगुळीच्या बाजारात मातीमोल भावात गेली, घरी शेळ्याच राहिल्या. बाभळीच्या शेंगांवर आणि लिंबाच्या पाल्यावर जगल्या त्या.

मग अशा जनावराला डॉक्टर का मिळत नाही? डॉक्टरांना दोष द्यायचा नाही मला, मी ज्या दवाखान्यांशी काम केलंय तिथं एकेका डॉक्टरकडं पंधरा-वीस गावं, वर टॅगिंग, लसीकरण, पंचनामे, ऑनलाईन एन्ट्री. 1962 नंबरला फोन केला की फिरतं पथक येतं हे चांगलं झालंय, आम्ही तो नंबर प्रत्येक गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहायला लावतो. पण आठ-दहा हजाराची शेळी आणि मध्ये वीस किलोमीटर, त्यात रात्र. म्हणून गावातलीच एक बाई शिकलेली पाहिजे. ही कल्पना काही नवी नाही, उमेद अभियान राज्यात 2011 ला सुरू झालं त्यातून बचत गटाच्या बायका पशुसखी म्हणून पुढं आल्या, 2022 पासून केंद्राच्या ए-हेल्प योजनेतून त्यांना पशुसंवर्धन विभागाशी जोडायचं ठरलं. चांगलंच आहे. फक्त कागदावर पशुसखी असणं आणि गोठ्यात पशुसखी असणं यात फरक आहे.

कुणाला निवडायचं इथूनच तो फरक सुरू होतो. आधी मी पण दहावी-बारावी झालेल्या सुना शोधायचे, वही नीट लिहितात, मोबाईल चालवतात. त्यातल्या निम्म्या दोन वर्षांत गेल्या, कुणाला अंगणवाडीत लागलं, कुणी पुण्याला गेल्या, कुणाच्या घरी शेळीच नव्हती, शेळीचा वास आला की नाकाला पदर. आता मी पहिल्यांदा अंगणात शेळी बांधलेली बघते. लिहिता येत नसलं तर बाटल्यांना रंगाच्या पट्ट्या लावतो, लाल म्हणजे जंताचं, निळी म्हणजे जखमेचं, वहीत चित्रं काढतो. पन्नाशीची, नातू खेळवणारी, जी कुठं जाणार नाही आणि जिच्या हाताखालून पन्नास शेळ्या व्याल्यात अशी बाई मिळाली की माझं निम्मं काम झालं.

अशा बायकांकडून शिकायला पण मिळतं आणि काही गोष्टी सोडवायला पण लागतात. चिकाचंच घ्या. शेळी व्याली की जार, म्हणजे वार, पडेपर्यंत करडाला चीक पाजायचा नाही अशी कितीतरी घरात समजूत, चीक पिलावर करडू हागतं म्हणतात, म्हणून पिळून टाकून देतात किंवा खरवस करतात. खरं म्हणजे पहिल्या अर्ध्या-एक तासात जितका चीक पोटात जाईल तेवढं करडू तगतं, आईच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद त्याच्यातनंच येते, उशीर झाला की आतडं ती घेतच नाही. आणि उलट करडू चोखायला लागलं की जार पडायला मदतच होते. हे मी सांगून पटत नाही. एका आज्जीनं पटवलं वर्गात, म्हणाली मी जुळ्यातल्या एकाला पाजला, एकाला नाही पाजला, न पाजलेलं चौथ्या दिवशी गेलं, तवापासून पाजायले. त्या दिवशी माझं लेक्चर मी बंद केलं, तिलाच दहा मिनिटं बोलू दिलं.

बाळंतपणाबद्दल एक मात्र मी कडक बोलते. गाभडलेलं, म्हणजे दिवस भरायच्या आधीच पडलेलं पिल्लू, जार, उघड्या हातानं उचलायचं नाही. आमच्या बायका बिनधास्त हात घालतात, मग त्याच हातानं भाकरी. ब्रुसेलोसिस माणसाला होतो, येणारा-जाणारा ताप, सांधे धरलेले, आणि दवाखान्यात कुणी विचारत नाही की घरी शेळी गाभडली होती का. हातमोजे नसले तर दुधाची पिशवी घाला हातात, पण घाला. खड्डा करा, चुना टाका, पुरा.

आता थांबायचं कुठं. पशुसखी डॉक्टर नाही. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार उपचार करायचा अधिकार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकालाच आहे, बाकीच्यांनी प्रथमोपचार आणि तेही देखरेखीखाली. पण गावाला सुईच पाहिजे असते. औषध पाजलं तर लोक म्हणतात "नुसतं पाजून गेली", सुई टोचली तर "इलाज केला". बीड जिल्ह्यातली माझी एक पोरगी होती, फार गुणी, लोकांच्या आग्रहाला बळी पडली, मेडिकलवरून कुणीतरी दिलेलं अँटिबायोटिक शेळीच्या मांडीत टोचलं आणि ती सुई नसेवर बसली. शेळी पाय ओढायला लागली ती कायमची. मालकानं पंचायतीसमोर उभं केलं पोरीला. मी गेले होते त्या दिवशी. ती काही बोलली नाही, मान खाली घालून उभी होती, आणि मला कळत होतं की चूक माझी आहे, मी हिला सुई टोचायची नाही हे सांगितलं पण लोकांना "नाही" कसं म्हणायचं ते शिकवलं नाही. तेव्हापासून ट्रेनिंगमध्ये एक अख्खी दुपार "नाही" म्हणायची असते. कळा सुरू होऊन, पाणमोट फुटून तासभर झाला आणि पिल्लू दिसत नाही, नाही, डॉक्टर. कोवळी ज्वारी खाऊन जनावर थरथरायलंय, किराळ लागली, म्हणजे विषबाधा झाली, हात लावत बसू नको, पळ, फोन कर, त्याला डॉक्टरच शिरेतून औषध देतात आणि प्रत्येक मिनिट मोलाचं. अचानक मेलेलं जनावर, नाकातोंडातून काळं रक्त, तर कापायचं नाही, कातडं काढू द्यायचं नाही, काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते आणि ती माणसाला मारते.

ही "नाही" म्हणणारी बाई पुढं डॉक्टरांचा पण विश्वास कमावते. 2022 ला लम्पी आला तेव्हा हे दिसलं. गायींच्या अंगावर गाठी, लोक घाबरलेले, कुणी म्हणे लस दिली की दूध आटतं, बैल मरतो. शेळ्यांच्या देवीची लस गायींना का देताय असं पण विचारायचे, बरोबर शंका आहे, पण दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले म्हणून ती चालते. जिथं पशुसखी होती तिथं ती आदल्या रात्री घरोघर फिरून आली होती, सकाळी पथक येईपर्यंत गुरं बांधलेली. जिथं नव्हती तिथं पथक आलं तेव्हा गुरं रानात.

लसीचं सगळं गणित वेळेचं आहे. पीपीआर, ज्यात शेळीला ताप, नाकडोळ्यातून घाण, तोंडात फोड, हागवण आणि मग न्यूमोनिया होऊन अख्खा कळप बसतो, त्याची एक लस तीन वर्षं पुरते. एक मिली, कातडीखाली, बस. पण ती पावडर पाण्यात मिसळली की बर्फावर ठेवून दोन तासांच्या आत संपवायची. म्हणजे शंभर डोसची बाटली फोडली की शंभर शेळ्या दोन तासांत समोर पाहिजेत. शेळ्या तर सकाळी आठलाच चरायला जातात. मग साडेसहाला मारुतीच्या देवळासमोर सगळ्या शेळ्या जमवणं हे काम कुठला डॉक्टर करणार, ते गावातली बाईच करू शकते, जिला माहीत असतं कुणाच्या किती, कुणाची कालच व्याली, कोण बाजारातून नवी आणलीय आणि ती वेगळी न बांधता कळपात सोडलीय. बहुतेक वेळा रोग त्या नव्या शेळीबरोबरच गावात येतो. तीन आठवडे वेगळी बांधा एवढं ऐकलं तरी निम्मी भांडणं मिटतील.

आणि बीडकडं अजून एक. धारूर, केज, पाटोदा भागात दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात, गाव अर्धं रिकामं. शेळ्या एकतर ट्रकमध्ये बरोबर जातात नाहीतर म्हाताऱ्या आईबापावर सोडतात. वरचं वेळापत्रक काही असो, तिथं लस आणि जंताचं औषध निघायच्या आधी झालं पाहिजे, आणि पशुसखी स्वतःच ऊसतोडीला जाणारी असेल तर सहा महिने गाव उघडं. त्या गावांत आम्ही मागं राहणाऱ्या एका आज्जीला पण सोबत शिकवतो. चालायला त्रास होतो तिला, पण पापणी बघता येते आणि फोन लावता येतो.

परत पैशाकडं येते. गावात अडीचशे शेळ्या धरा, वर्षातून दोनदा जंताचं औषध, शेळीमागं दहा रुपये, झाले पाच हजार, त्यातून औषधाचा खर्च जाणार. खच्चीकरणाचे थोडे, खुरं कापायचे थोडे, कोंबड्यांना मानमोडीची लस डोळ्यात एकेक थेंब, त्याचे रुपया-दोन रुपये. याच्यावर घर चालत नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगते, खोटी आशा लावत नाही. क्षाराची चाटण वीट विकली, शेळीचा खुराक दळून विकला, तर महिन्याला हातात काहीतरी पडतं. पण रक्कम लहान म्हणून तो व्यवहार लहान नाही. एका संस्थेनं आमच्याच भागात पशुसख्यांना बॅग भरून औषधं दिली आणि सहा महिने सगळं फुकट केलं, हेतू चांगलाच होता. बॅग संपली. पशुसखी स्वतःच्या पैशानं औषध आणून दहा रुपये मागायला गेली तर लोक म्हणाले, "कालपर्यंत सरकारचं होतं, आज तुझं झालं का?" तिला चोर ठरवलं. ती बाई परत कधी गोठ्यात गेली नाही. त्या गावात पुढच्या पावसाळ्यात किती करडं गेली ते मोजायला पण कुणी नव्हतं. पहिल्या दिवसापासून दोन रुपये घ्या, पण घ्या, असं मी आता भांडून सांगते.

तर त्या मावशी. सहाव्या दिवशी प्रॅक्टिकल गावातच होतं आणि मी मुद्दाम त्यांच्या जाऊबाईंचंच घर घेतलं. चार शेळ्या, पत्र्याच्या सपरात. मावशींनी एकेकीची पापणी बघितली, टेप लावला, वजन काढलं, तोंड सरळ रेषेत धरून हळूहळू तीन शेळ्यांना पाजलं. चौथीपाशी थांबल्या. कधी लागली ही बोकडाला? जाऊ म्हणाली पंधरा दिवस झाले. "मग हिला आत्ता न्हाई, नुकतीच गाभण हाय, हे औषध सोसायचं न्हाई तिला. दुसरं आणते मागनं." सिरिंज धुतली. हात धुतले. पदराला पुसले. मी सपराच्या खांबाला टेकून उभी, तोंड दाबून धरलेलं, एक शब्द बोलायचा नाही ठरवलेलं.

"चाळीस झाले," मावशी म्हणाल्या. भिंतीकडं बघून म्हणाल्या, पण म्हणाल्या.

जाऊबाईंनी कमरेवर हात ठेवला. "चाळीस कशे? चौथीला तर पाजलंच न्हाई की तू. तीस."

मावशी वळल्या. "तपासली न्हाई का तिला? तपासायला येळ लागत न्हाई व्हय?"

"तपासायचे काय पैशे असतेत?"

"बरं, तीस दे. पण आत्ता दे."

जाऊबाई आत गेल्या, डब्याचा आवाज आला, दहाच्या तीन नोटा आणून हातावर ठेवल्या. मावशींनी त्या मोजल्या, ब्लाऊजमध्ये ठेवल्या, वही काढली आणि चार शेळ्यांच्या चार रेघा ओढून चौथीला गोल केला.